अजून नाही

२ नोव्हेंबर

लेकीने ही वही दिली ती टबांची नोंद ठेवायला. कुठल्या टबात साल किती टाकली, पाणी किती घातलं, वास कसा, रंग कसा. मी म्हटलं, दे, लिहीन. पण टबच अजून आलेले नाहीत, तेव्हा आपलं काहीबाही खरडतेय.

कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा. एक पत्र्याची शेड, वाख, म्हणजे दोरांचा धागा, वाळवायच्या तारा आणि मागच्या अंगाला हौद. अंबाडीच्या काड्यांच्या पेंढ्या बांधायच्या, हौदात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे आणि कुजू द्यायच्या. नीट कुजल्या की साल सुटते, ती धुतली-झोडपली की वाख हातात येतो. कामाला आठ-दहा बायका. त्यातली एक रेडिओ. तिचं खरं नाव कुणाला आठवत नाही, कारण ती कधी गप्प बसेल तेव्हा नावाने हाक मारणार ना.

विहीर तळाला गेलीये. पाणीखात्याचा साहेब येऊन सांगून गेला, नळाचं पाणी मिळेल, पण एवढा हौद भरायला नाही. महिनाअखेर हौद रिकामा करून बुजवा, नाहीतर जोडणी तोडतो. जोडणी तुटली की कारखाना बंद. लेक म्हणाली, बुजवू. मी म्हटलं, बघू. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मलाही कळतं. पण हौदाचं वेगळं आहे.

५ नोव्हेंबर

टब आले. निळे, प्लास्टिकचे, माणूस बसेल एवढे. रेडिओ म्हणाली, एवढ्याशा टबात तर माझी नातवंडंसुद्धा मावायची नाहीत, अंबाडी काय मावणार.

लेकीने सगळ्यांना शेडमध्ये बसवून समजावलं. ती कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आली तिथे हे शिकली. अख्खी काडी बुडवायचीच कशाला? जागा अडवतं ते आतलं लाकूड, आणि आपल्याला तर ते नकोच असतं. काडी हिरवी आहे तोवरच रुळांच्या यंत्रातून काढायची, साल ओढून घ्यायची आणि नुसती साल कुजत घालायची. ती टबात मावते. धुणंही तसंच. तीन टब ओळीने. शेवटच्यातलं स्वच्छ पाणी मधल्याला, मधल्यातलं पहिल्याला, पहिल्यातलं झाडांना. पाणी आधी जेवढं लागायचं त्याच्या दहाव्या भागात काम होईल म्हणते. ऐकायला बरं वाटलं. पोरगी बोलते बाकी बापासारखी, हातवारे करून.

"पण नव्या पाण्यात साल लवकर कुजत नाही," ती म्हणाली. "म्हणून जुन्या हौदातलं काळं पाणी घालायचं, दोन घागरी."

"म्हणजे विरजण," मी म्हटलं. "बघ, हौद लागतोच."

"एकदाच लागतो, आई. मग या टबातलं त्या टबाला लावायचं. दुधाला विरजण लावतेस म्हणून गोठा बांधून ठेवला आहेस का?"

बायका हसल्या. मीही हसले, चारचौघांत करणार काय.

६ नोव्हेंबर

काल लिहायचं टाळलं ते आज लिहिते. ही वही लेक वाचणार नाही, तिने तसं कबूल केलंय.

हे हौदात गेले त्याला तीन वर्षं होतील. बुडाले नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पेंढ्या चाचपत होते आणि छातीत कळ आली. मी चहाला हाक मारली तर म्हणाले, "अजून नाही." दुसऱ्यांदा मारली तर उत्तर आलं नाही. एवढंच.

त्यानंतर पहिली पेंढी काढायची वेळ आली तेव्हा मला काही कळेना. काडी कधी तयार झाली हे ह्यांनाच कळायचं, मी आयुष्यभर नुसती धुणारी. काठावर बसले, एक काडी ओढली, अंगठ्याने साल सरकवून बघितली आणि सवयीने विचारलं, "काय हो, काढायच्या का?"

"अजून नाही," हे म्हणाले.

स्पष्ट. त्यांच्याच आवाजात, सर्दी झाल्यासारख्या घोगऱ्या. तेव्हापासून रोज सकाळी विचारते. अजून नाही म्हणाले की थांबायचं, झालं म्हणाले की काढायच्या. तीन वर्षांत एक पेंढी कच्ची निघाली नाही की जास्त सडली नाही. भूतबित मी मानत नाही. भूत माणसाला घाबरवतं, आणि हे घाबरवतील कुणाला, त्यांना पालीची भीती वाटायची.

सगळ्यांना ऐकू येत असणार. मी काठावर असले की रेडिओसुद्धा गप्प होते. पण विचारलं तर सगळ्या खाली बघतात आणि कामाला लागतात.

त्या दिवसापासून हौद मी कधी पूर्ण रिकामा केलेला नाही. खालून थोडं सोडायचं, वरून भरायचं. त्याने पाणी जास्त जातं, लेक म्हणते. विरजण मोडू नये, मी म्हणते. खरं लिहायचं तर हौद गेला की हे कुठे राहतील, हा माझा प्रश्न आहे. पाणीखात्याच्या अर्जात त्याला रकाना नाही.

९ नोव्हेंबर

पहिला टब लागला. यंत्राने दिवसभर कुरकुर केली, हिरव्या सालींचा ढीग पडला. वन्संनी सगळ्यांत जास्त साल ओढली. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर इथे आल्या त्या इथल्याच झाल्या. बोलतात कमी, बघतात जास्त. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ही बाई मला पाण्यात पाहते. तसं काही नव्हतं, चेहराच तसा आहे.

हौदातून दोन घागरी मी स्वतः भरल्या. घागर बुडवताना आत बुडबुडे आले. कुजणारं पाणी आहे, बुडबुडे येणारच. तरी मी म्हटलं, "थोडंच नेतेय हो." लेक घागर उचलायला आली होती. ती म्हणाली, "कुणाला सांगतेस?" मी म्हटलं, "ह्यांना." तिने घागर उचलली आणि गेली. हिंदकळून तिच्या पायांवर पाणी सांडलं ते मला आवडलं नाही.

१३ नोव्हेंबर

टबातली सालीची एक पट्टी घेऊन हौदावर गेले. अंगठ्याने चोळली. साल बऱ्यापैकी सुटत होती, धागे दिसत होते. विचारलं.

"अजून नाही."

मागे वळले तर लेक उभी. ती म्हणाली, "आई, मला वाटतं झालंय. नुसती साल लवकर होते."

"तुझ्या बाबांना जास्त कळतं."

तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाली, "तुझा घसा बसलाय. डॉक्टरकडे जाऊन येऊ."

सकाळच्या गारठ्यात रोज हौदावर बसल्यावर घसा बसणार नाहीतर काय होणार. काढा करून घेते म्हटलं. टबाला हात लावायचा नाही, असंही सांगितलं. अजून मालकीण मी आहे.

१५ नोव्हेंबर

आज जे झालं त्याने माझा जीव भांड्यात पडला आणि लेकीचा उडाला.

मी हौदावर होते. पट्टी दाखवून विचारलं, हे म्हणाले अजून नाही. मी परत विचारलं, कारण पट्टी फारच मऊ लागत होती. हे परत म्हणाले, जरा चढ्या आवाजात. तेवढ्यात शेडच्या कोपऱ्यावरून पाणीखात्याचा साहेब आला, बगलेत फाईल. लेक त्याच्या मागून धावत येत होती.

"यजमान आहेत वाटतं घरी," साहेब म्हणाला. "आवाज आला पुरुषाचा."

"हे बोलत होते," मी म्हटलं.

"हे म्हणजे?"

"हे म्हणजे हे."

"बरं झालं, भेटले. मागच्या वेळी बाईंच्या सहीवर काम चालवलं. बोलवा त्यांना."

लेक मध्येच म्हणाली, बाबा आत्ताच मागच्या वाटेने बाहेर गेले, सही मीच करते. आणि त्याला जवळजवळ ढकलतच टबांकडे घेऊन गेली. टब बघून तो खूष झाला. हौदाचं मात्र सोडलं नाही. तीस तारखेनंतर बघायला येतो म्हणाला.

मला काय आनंद झाला होता, लिहिता येत नाही. परक्या माणसाने ऐकलं. ज्याला माहीतच नाही की हे गेलेत, अशा माणसाने. मी वेडी नाही. लेकीला तसं म्हटलं तर ती पालथ्या टबावर मटकन बसली. चेहरा पांढराफटक. वन्सं तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होत्या, "तिला काही बोलू नकोस. मी सांगितलंय ना तुला." मी विचारलं काय बोलायचं नाही, तर म्हणाल्या काही नाही. दोघींचं कुठेतरी पाणी मुरतंय.

१८ नोव्हेंबर

सगळं वाया गेलं.

आज सकाळी टबात हात घातला तर सालीऐवजी लगदा हाताला लागला. धागा उचलावा तर बोटांतच तुटतो. वासही वेगळा, मेल्या उंदरासारखा. अख्खा टब, दिवसभर ओढलेली सगळी साल. बायका भोवती उभ्या होत्या आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. रेडिओने नुसता पदर नाकाला लावला. कुणीतरी बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

लेक रडली नाही. बादलीने लगदा उपसून खड्ड्यात टाकत राहिली. मला म्हणाली, "तू बस, आई." तो आवाज फार वाईट होता. आजारी माणसाशी बोलतात तसा.

हे चुकले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

१९ नोव्हेंबर

रात्रभर विचार केला, सकाळी हौदावर गेले आणि चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, आयुष्यभर आपलंच खरं केलंत, आता मेल्यावरही तेच. मग राग ओसरल्यावर नीट समजावून सांगितलं. हौद खोल, काडी जाड, आत लाकूड, त्यामुळे तिथे वेळ लागतो. टबात नुसती साल असते, सगळीकडून भिजते, लवकर होते. तुम्ही कधी अशी केली नाहीत म्हणून तुम्हाला ठाऊक नाही, त्यात कमीपणा काही नाही. लेकीने छान शोधून काढलंय. तुम्ही असतात तर आधी चिडला असतात आणि मग गावभर सांगत फिरला असतात.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अजून नाही."

मेलेल्या माणसाला नवीन काही शिकवता येत नाही. एवढी साधी गोष्ट, पण मला कुणी सांगितली नव्हती.

२४ नोव्हेंबर

दुसरा टब लेकीने लावला होता. तो आज तिने मला न विचारता काढला. मी देवळासमोरच्या दुकानात सुतळी आणायला गेले होते, मला मुद्दाम धाडलं होतं हे आता कळतंय. परत येते तर तारांवर वाख वाळत घातलेला. पांढरा, लांब, हौदातला कधी एवढा पांढरा निघाला नव्हता. हातात घेतला तर मऊ. रेडिओ एका दमात सांगत होती की कसा धुतला, किती बादल्या लागल्या, किती उरल्या, आणि आता आपल्या वहिनीलाही कामाला आणते म्हणाली.

मी छान आहे म्हटलं. छानच होता. मग घरात येऊन उशीत तोंड घालून रडले. ह्यांच्या विरुद्ध बाजूने उभं राहायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. भांडणं झाली, पण ती आपलेच दात आपलेच ओठ. हे तसं नव्हतं. हा वाख ह्यांच्याशिवाय झालेला पहिला वाख.

२६ नोव्हेंबर

वन्सं आज माझ्याजवळ येऊन बसल्या. हौदाच्या काठावर, त्या कधी बसत नाहीत तिथे. म्हणाल्या, "नळावर रांग बघितलीस का? हंडे घेऊन पहाटेपासून उभे असतात लोक. आणि आपल्या भिंतीवरून आत बघतात."

"काळं पाणी आहे ते. कुणाच्या काय कामाचं?"

"तुझ्या काय कामाचं आहे?"

मी सांगितलं. सगळं. इतकी वर्षं दोघी एका घरात, आणि हे पहिल्यांदाच तोंडाने सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "माझ्या पाठचा होता तो. कडेवर खेळवलाय मी त्याला. एक विचारू? तो काय एवढंच बोलायचा का गं? गुणगुणायचा, शिव्या घालायचा, साखर कमी पडली की कप आपटायचा. तीन वर्षांत यातलं काही ऐकलंस?"

मी एक काडी उचलून सोलत बसले.

त्या गेल्यावर मी हौदाशी वाकून विचारलं, "चहात साखर कमी झाली का?"

"अजून नाही."

"लेकीचं कसं वाटतं तुम्हाला? चांगली निघाली ना?"

"अजून नाही."

"माझी आठवण येते का?"

"अजून नाही."

उठून घरात आले. अंगावर काटा आला होता आणि तो दुपारपर्यंत गेला नाही. तीन वर्षांत ह्यांची भीती आज वाटली. पण भीतीपेक्षा कीव जास्त आली. कुणीतरी दोन शब्दांत अडकून पडलंय, आणि मी रोज सकाळी जाऊन त्याला तिथेच ठेवतेय.

लेकीला सांगितलं, हौद सोडू. ती गळ्यात पडली. लहानपणी पडायची तशी, सगळा भार टाकून.

३० नोव्हेंबर

आज हौद सोडला.

सकाळी आधी विरजणाच्या दोन घागरी काढून शेडमध्ये ठेवल्या. लेक म्हणाली आता गरज नाही, टबातलं पुरतं. पण तिनेच त्या उचलून नेल्या आणि झाकण लावलं. मागच्या बाजूने झाडांपर्यंत चर खणून ठेवला होता, म्हणजे पाणी नुसतं वाया जायला नको. हौदाच्या तळाशी बाहेरच्या बाजूने लाकडी बूच आहे, ते फुगून बसलेलं. लेक पहार घेऊन तिथे बसली. बायका जरा लांब, भिंतीला टेकून. मी माझ्या नेहमीच्या जागी काठावर, आणि वन्सं मला चिकटून. त्यांनी माझा दंड धरला होता. मी पडेन असं त्यांना वाटलं असावं.

"आई, काढू?" लेकीने खालून विचारलं.

माझं मन तयार होतं. मी हो म्हणणार होते, देवाशपथ हो म्हणणार होते.

"अजून नाही," हे म्हणाले.

लेकीचा हात थांबला. ती वर बघायला लागली, माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते. मला तिला सांगायचं होतं, अगं हे मी नाही, हे तुझे बाबा, तू काढ. पण मला बोलायची संधीच मिळेना, कारण हे परत म्हणाले, आणि परत. अजून नाही. अजून नाही. इतक्या जवळून कधीच आला नव्हता आवाज. हौदातून नाही, जणू माझ्या शेजारी बसून बोलत होते. शेवटी शेवटी तर विनवण्या केल्यासारखे.

"काढ गं," वन्सं लेकीला म्हणाल्या.

बुचावर पहार बसल्याचा आवाज आला. मग पाण्याचा, आधी चिरकल्यासारखा आणि मग धो धो.

"अजून ना..."

वन्संनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

का ठेवला ते मला कळलं नाही. मी बोलत नव्हते. पण हात ठेवला आणि आवाज थांबला, अर्ध्या शब्दावर. त्यांच्या तळव्याखाली माझे ओठ हलत होते, ते रडण्यामुळे असणार. मी त्यांचा हात सोडवायचा प्रयत्न केला. त्यांनी दुसऱ्या हाताने माझं डोकं छातीशी धरलं आणि ह्यांना लहानपणी म्हणत असतील तसं पुटपुटत राहिल्या, झालं रे, झालं आता. पाणी उतरत गेलं, भिंतीवरचा काळा पट्टा उघडा पडला, मग पेंढ्यांवर ठेवायचे दगड दिसले. हौद पार कोरडा होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.